टोटल स्टेशन प्रिझमवर बरोबर आणि खांबावर चूक : लेझर क्रॉसहेअरशी जुळत नसेल तर काय तपासायचं

टोटल स्टेशन म्हणजे दुर्बिणीतून कोन आणि लेझरने अंतर मोजणारं सर्व्हेचं मशीन. क्रॉसहेअर म्हणजे दुर्बिणीतली नेम धरायची फुली. अंतर प्रिझमवर (किरण आला तसा मागे फिरवणारी काच) घेता येतं किंवा प्रिझमशिवाय थेट वस्तूवर, म्हणजे नॉन-प्रिझम मोडमध्ये.

आधी लक्षणं. यातली दोन-तीन ओळखीची वाटली तरच पुढे वाचा.

विजेच्या खांबावर क्रॉसहेअर अगदी मध्यभागी लावला आहे. बटण दाबलं की ५२ मीटर येतं, पुन्हा दाबलं की ५२, आणि तिसऱ्यांदा थेट ६७. खांबामागे पंधरा मीटरवर कंपाउंडची भिंत आहे. किंवा बंगल्याचा डावा कोपरा नकाशात चपखल बसतो, उजवा मात्र घर सोडून मागच्या शेतात जाऊन पडतो. त्याच पॉइंटवर हेल्परने प्रिझम धरला की सगळं जुळतं, प्रिझम काढला की चार-पाच सेंटीमीटरचा घोळ. तिरक्या भिंतीवर फेस लेफ्टला एक अंतर आणि फेस राइटला (मशीन अर्धं फिरवून, दुर्बीण उलटी करून) दुसरं. संध्याकाळी लाल ठिपका डोळ्यांना दिसायला लागतो, तेव्हा तो क्रॉसहेअरच्या जागी नसून शेजारी कुठेतरी असतो.

लोक याला ‘मशीनचं अंतर चुकतंय’ म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं. अंतर बरोबरच असतं, पण ते दुसऱ्याच जागेचं असतं. मशीन कोन घेतं क्रॉसहेअरच्या दिशेचा आणि अंतर घेतं लेझर जिथे पडला तिथलं. या दोन गोष्टी जोडून एक कोऑर्डिनेट तयार होतो. दुर्बिणीची नजर आणि लेझरचा किरण एकाच रेषेत असतील तोपर्यंत कुणाला काही कळत नाही. रेषा फाकल्या की नकाशात असा पॉइंट येतो, जो जमिनीवर कुठेच नाही.

किती फाकल्या तर किती नुकसान, हे एकदा कागदावर करून बघा. २० मीटरवर ठिपका १० मिलीमीटर बाजूला असेल तर १०० मीटरवर तो ५ सेंटीमीटर बाजूला असतो. समोरची भिंत नजरेला काटकोनात असेल तर या ५ सेंटीमीटरने अंतरात काहीच फरक पडत नाही, मिलीमीटरसुद्धा नाही. भिंत ४५ अंशांत तिरकी असेल तर अंतर साधारण ५ सेंटीमीटरनेच चुकतं. आणि भिंत जवळजवळ नजरेच्या रेषेत निघून जात असेल, म्हणजे किरण लंबापासून ७० अंशांवर पडत असेल, तर चूक १३-१४ सेंटीमीटरपर्यंत जाते. म्हणूनच ऑफिसच्या समोरच्या भिंतीवर टेपने अंतर ताडून ‘मशीन ओके’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. समोरची सपाट भिंत हा दोष दाखवतच नाही.

प्रिझमही तो दाखवत नाही. बहुतेक मशीन प्रिझम मोडमध्ये रुंद किरण सोडतात, आणि प्रिझमची काच सहा सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. किरण थोडा बाजूला पडला तरी प्रकाश आला तसाच मागे फिरतो आणि अंतर प्रिझमचंच येतं.

आता तपासणी. क्रम सोडू नका. खालची प्रत्येक पायरी वरच्या पायरीवर उभी आहे.

मोड आणि प्रिझम कॉन्स्टंट

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. मशीन खरंच नॉन-प्रिझम मोडवर आहे का, आणि कॉन्स्टंट (प्रिझमच्या घडणीप्रमाणे अंतरात धरायची ठरावीक दुरुस्ती) त्या मोडसाठी पुस्तिकेत दिलेलाच, बहुतेक मशीनवर शून्य, आहे का ते बघा. सकाळी मिनी प्रिझम वापरला, दुपारी मोठा, कॉन्स्टंट तोच राहिला, असं रोज कुठेतरी होतंच. ओळखायची खूण सोपी आहे. चूक सगळीकडे सारखीच असेल, जवळ ३० मिलीमीटर आणि लांबही ३० मिलीमीटर, तर तो कॉन्स्टंट. लेझर सरकल्याची चूक अंतराप्रमाणे आणि बाजूप्रमाणे बदलते, डाव्या कोपऱ्यावर वेगळी, उजव्यावर वेगळी. एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

तापमान-दाबाची पीपीएम (किलोमीटरमागे मिलीमीटर) दुरुस्तीही याच वेळी नजरेखालून घाला, पण तिच्यावर खापर फोडू नका. एका अंशाच्या चुकीने किलोमीटरला सुमारे एक मिलीमीटर फरक पडतो. ५० मीटरवरचे ५ सेंटीमीटर त्यातून निघत नाहीत.

वाटेत काय आहे

नॉन-प्रिझमचा किरण वाटेत जे भेटेल त्याला धडकतो. तारेची जाळी, ज्वारीचं पान, मध्येच गेलेली रिक्षा. हायवेच्या कामावर बॅरिकेडची रेडियम पट्टी किंवा दिशादर्शक फलक जवळपास असेल तर त्याचा परतावा इतका जोरदार असतो की किरणाची नुसती कड लागली तरी मशीन तेच अंतर धरतं. खिडकीची काच किरणाला आरपार सोडते किंवा भलतीकडे उडवते. ओलं डांबर आणि काळा रंग प्रकाश गिळतात, मग मशीन बराच वेळ शोधत बसतं आणि शेवटी काहीतरी आकडा देतं. पॉइंट बदलून, कोरड्या, फिक्या रंगाच्या खांबावर घेऊन बघा. तिथे घोळ नसेल तर मशीन निर्दोष आहे.

ऑब्जेक्टिव्हची काच

पुढच्या काचेवर बोटाचा ठसा किंवा दमट हवेचं धुकं असेल तर किरण पसरतो आणि ठिपक्याभोवती प्रभावळ दिसते. कोकणात पावसाळ्यात पेटीतल्या सिलिका जेलकडे कुणी बघत नाही, आणि काचेच्या आत बुरशी धरली की ती पुसून निघत नाही. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं कापड. धूळ असताना शर्टाच्या टोकाने पुसलंत तर काचेवरच्या लेपाला कायमचे ओरखडे पडतात.

पॅरलॅक्स

इथे थोडं थांबून बोलतो, कारण ‘लेझर सरकलाय’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये लेझर जागेवर आणि आयपीस (डोळा लावायची काच) मात्र दुसऱ्याच कुणाच्या डोळ्याला लावलेला, हे नेहमीचं आहे. साहेब बघून जातात, मग हेल्पर बघतो, मग चष्मावाला सर्व्हेअर येतो. प्रत्येकाच्या डोळ्याचा नंबर वेगळा, पण आयपीसचं रिंग कुणीच फिरवत नाही.

दुर्बीण आकाशाकडे किंवा पांढऱ्या कागदाकडे धरा. सूर्याच्या दिशेला नाही, हे सांगायला नको. आयपीसचं रिंग फिरवून क्रॉसहेअरच्या रेघा काळ्याभोर आणि धारदार करा. मग लांबच्या वस्तूवर फोकस लावा. आता डोळा आयपीससमोर किंचित डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. क्रॉसहेअर वस्तूवरून सरकताना दिसला तर पॅरलॅक्स आहे. मग तुम्ही पॉइंट कुठे लावलात हे तुमचं डोकं कुठे होतं त्यावर ठरतं, आणि पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ राहत नाही. क्रॉसहेअर वस्तूवर चिकटून राहीपर्यंत आयपीस आणि फोकस आलटून पालटून लावा.

तिपाई आणि ट्रायब्रॅक

पायांचे क्लॅम्प, मधला स्क्रू, ट्रायब्रॅकचं (मशीन ज्यावर बसतं त्या बैठकीचं) लॉक, सगळं घट्ट आहे का बघा. एका ठळक पॉइंटवर क्रॉसहेअर लावा, मशीनच्या बुडाला हलका पीळ द्या, सोडा. क्रॉसहेअर त्याच पॉइंटवर परत यायला हवा. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर तिपाई लावली असेल तर दुपारी पाय डांबरात रुततात. तो दोष मशीनचा नाही.

मशीन हवेला सरावलंय का

एसी ऑफिसमधून २४ अंशांतलं मशीन काढून ३८ अंशांच्या उन्हात उभं केलं आणि लगेच तपासणी सुरू केली, तर आतल्या भागांचं प्रसरण तपासताय, लेझर नाही. उत्पादकांचा ठोकताळा असा की तापमानातल्या दर अंश फरकाला दोन मिनिटं द्यायची, आणि काहीही झालं तरी पंधरा मिनिटं. वरच्या उदाहरणात १४ अंशांचे २८ मिनिटं. पेटी उघडी ठेवा, मशीन सावलीत ठेवा, चहा घेऊन या.

दोन्ही फेसची कोलिमेशन तपासणी

लेझर क्रॉसहेअरशी जुळवायचा, पण क्रॉसहेअरच आपल्या जागी नसेल तर? म्हणून हे आधी. सुमारे १०० मीटरवरचा, साधारण दुर्बिणीच्याच उंचीचा ठळक पॉइंट घ्या. फेस लेफ्टला आडवा आणि उभा कोन नोंदवा, मग फेस राइटला. आडव्या दोन कोनांत बरोबर १८० अंशांचा फरक हवा, जो जास्त-कमी आहे त्याचा निम्मा म्हणजे कोलिमेशन एरर (क्रॉसहेअरची नजर आडव्या दिशेने जेवढी सरकली ते). उभ्या दोन कोनांची बेरीज ३६० अंश हवी, इथेही फरकाच्या निम्मा म्हणजे इंडेक्स एरर (उभ्या कोनाच्या शून्यातली चूक). काही सेकंदांची चूक असेल तर मशीनच्या मेनूतून कॅलिब्रेशन करून ती मिटते, तेवढं तुम्ही स्वतः करू शकता. १०० मीटरवर एक सेकंद म्हणजे जेमतेम अर्धा मिलीमीटर, तेव्हा पाच-सात सेकंदांना घाबरू नका. चूक मिनिटांत असेल किंवा प्रत्येक वेळी वेगळी येत असेल तर इथेच थांबा, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

एक लक्षात ठेवा : मेनूतलं हे कॅलिब्रेशन आकडे दुरुस्त करतं, काच किंवा किरण हलवत नाही. ‘कॅलिब्रेशन केलं तरी ठिपका बाजूलाच’ अशी तक्रार म्हणून गैरलागू आहे. आणि खाली जमिनीवर पडणारा लेझर प्लमेट हा पूर्ण वेगळा दिवा. तो सेंटरिंगसाठी असतो, त्याचा अंतराशी संबंध नाही.

ठिपका प्रत्यक्ष बघणं

आधी डोळे सांभाळा. अनेक मशीनचा नॉन-प्रिझम लेझर ३आर वर्गातला, म्हणजे थेट डोळ्यात गेला तर इजा करू शकणारा, असतो. तो चालू असताना दुर्बिणीतून प्रिझमकडे, आरशाकडे किंवा चकचकीत स्टीलकडे बघायचं नाही. टार्गेटच्या मागे, डोळ्यांच्या उंचीला कुणी उभं नको. मुलं तर आसपासही नकोत.

पेटीत टार्गेट प्लेट असेल तर उत्तम. नसेल तर ए-४ कागदावर जाड पेनाने फुली काढा आणि भिंतीवर चिकटवा. अंतर ५ ते २० मीटर, जागा सावलीतली, वेळ संध्याकाळची. क्रॉसहेअर फुलीवर लावा, मग लेझर पॉइंटर चालू करा. ठिपका दुर्बिणीतून बहुधा दिसत नाही, म्हणून दुर्बिणीच्या वरून किंवा शेजारून बघा. हेल्परला कागदाजवळ बाजूला उभं करून पेन्सिलने ठिपक्याचा मध्य खुणवायला लावा. मग फेस बदला, पुन्हा फुलीवर लावा, पुन्हा खूण.

दोन्ही खुणा फुलीवर असतील तर लेझर जागेवर आहे, दोष वरच्या एखाद्या पायरीत शोधा. किरण खरंच सरकलेला असेल तर दोन खुणा फुलीच्या दोन विरुद्ध बाजूंना, समान अंतरावर येतात, कारण फेस बदलताना दुर्बीण उलटी होते आणि तिच्याबरोबर चूकही. दोन्ही खुणा एकाच बाजूला पडल्या तर तुमचं पॉइंटिंग चुकलंय, किंवा क्रॉसहेअर आणि पॅरलॅक्सच्या पायऱ्यांवर परत जावं लागेल.

ठिपका सुईच्या टोकाएवढा असेल अशी अपेक्षा ठेवू नका. ३० मीटरवर तो साधारण ७ बाय १० मिलीमीटरचा आणि ५० मीटरवर ८ बाय २० च्या आसपास असतो, असे आकडे मशीनच्या माहितीपत्रकात सापडतात. म्हणजे लांबट डाग, आणि त्याचा मध्य अंदाजानेच धरायचा.

ठिपका दिसतच नसेल तर : कडेची चाचणी

भर उन्हात ठिपका दिसत नाही, आणि काही मशीनचा किरण मुळातच डोळ्यांना अदृश्य असतो. तिथे मी ही चाचणी करतो, आणि खरं तर ठिपका दिसत असला तरी करतो, कारण ती कामाच्या अंतरावरचं सत्य सांगते.

साधारण ४० मीटरवर १० सेंटीमीटर रुंदीची फळी उभी रोवा, ओळंब्यात. तिच्यामागे पाच-दहा मीटर मोकळं आणि मग भिंत. क्रॉसहेअर फळीच्या मध्यावर लावून आडवा कोन शून्य करा. ट्रॅकिंग मोड (सतत अंतर मोजत राहणारा) चालू करा आणि टँजंट स्क्रूने (बारीक फिरवायच्या स्क्रूने) हळूहळू डावीकडे जा. अंतर ४० वरून एकदम ४७-४८ वर उडी मारेल त्या क्षणीचा कोन लिहा. मध्यावर परत या आणि उजवीकडे तेच करा.

लेझर जागेवर असेल तर दोन्ही उड्या मध्यापासून सारख्याच कोनावर होतात, या मापांना सुमारे ४ मिनिटं २० सेकंदांवर. समजा डावी उडी ६ मिनिटं १० सेकंदांवर झाली आणि उजवी २ मिनिटं ३० सेकंदांवर. बेरीज तीच, ८ मिनिटं ४० सेकंद, पण मध्य १ मिनिट ५० सेकंदांनी डावीकडे गेला. म्हणजे किरण क्रॉसहेअरच्या तेवढाच उजवीकडे पडतोय. १०० मीटरवर हे ५.३ सेंटीमीटर होतात. बंगल्याचा उजवा कोपरा शेतात का पडला याचं उत्तर हे. वर-खालीसाठी हीच फळी आडवी लावायची आणि उभा कोन बघायचा.

मशीन जुनं असो वा नवं, महिन्यातून एकदा ही चाचणी करून आकडे पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर लिहीत जा. आकडे हळूहळू सरकत असतील तर कारण बहुतेक वाहतुकीत सापडतं : मशीन तिपाईवरच ठेवून खांद्यावर नेणं, किंवा पेटी बाइकच्या कॅरिअरला बांधून खड्ड्यांतून नेणं. पेटी मांडीवर घ्या. मागे बसणाऱ्याला त्रास होईल, होऊ द्या.

आजचं काम तरी पार पाडायचंय

दोष सापडला, पण साइट सोडता येत नाही. मग तिरक्या भिंतीचे पॉइंट दोन्ही फेसला घ्या आणि सरासरी काढा. सपाट पृष्ठभागावर चूक दोन्ही बाजूंना जवळपास सारखी येते आणि कटते. कोपरे, खांब, वायर, गजाची टोकं यांना ही युक्ती लागू नाही, कारण तिथे एका फेसचा किरण वस्तूला लागतच नाही. त्यांना प्रिझमच लावा. शेतीच्या हद्दीची मोजणी असेल तर नॉन-प्रिझम बंद, प्रत्येक निशाणीवर प्रिझम, त्यात तडजोड नाही. बांध कोरल्याच्या भांडणात पाच सेंटीमीटर दोन पिढ्या पुरतात, आणि उद्या तुमचा नकाशा कोर्टात उघडला जाईल.

स्वतः जुळवणं

हे सगळ्या मशीनवर शक्य नाही. लायका कंपनीच्या काही जुन्या टीपीएस मालिकांत दुर्बिणीच्या वरच्या अंगाला दोन बारीक टोपणं असतात. ती काढली की आत स्क्रू. मागच्या भोकातल्या स्क्रूने किरण वर-खाली होतो, पुढच्यातल्याने डावी-उजवीकडे. ठिपका सरळ रेषेत न जाता तिरका सरकतो, त्याने गोंधळू नका. आधी उंची, मग बाजू, मग पुन्हा उंची. पेटीतलाच स्क्रूड्रायव्हर वापरा, एका वेळी थोडंच फिरवा, आणि सगळा वेळ क्रॉसहेअर फुलीवर आहे ना हे बघत राहा. झालं की दोन्ही फेसला पुन्हा खूण घ्या, कडेची चाचणी घ्या, आणि टोपणं परत बसवा. टोपण हरवलेल्या मशीनमध्ये पहिल्याच पावसाचं पाणी जातं.

तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत हा भाग नसेल तर दुर्बिणीवर दिसणारा कुठलाही स्क्रू तो नाही, असं समजा. क्रॉसहेअरच्या रिंगचे स्क्रू तर अजिबात नाहीत. ते हलवून ठिपका ‘जुळवता’ येतो, दिसायला सगळं छान होतं, आणि मशीनचे सगळे कोन बिघडतात.

इथे थांबा

मशीन पडलेलं असेल किंवा पाण्यात भिजलेलं असेल, मग आज ठिपका बरोबर दिसला तरी. वॉरंटी चालू असेल. ठिपका दुभंगलेला, कोयरीसारखा किंवा एका बाजूने विरलेला दिसत असेल, कारण तेव्हा आतली काच किंवा डायोड हललाय, जुळवण्याचा प्रश्न राहिलेला नाही. स्क्रू फिरतोय पण ठिपका हलत नसेल. जुळवलेला ठिपका आठवड्याभरात पुन्हा सरकत असेल. माहीत असलेल्या अंतरावर प्रिझमनेही चूक येत असेल. यापैकी एकही असेल तर पेटी बंद करा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. त्यांच्याकडे कोलिमेटर (नजरेची रेषा तपासायचं उपकरण) असतो, अंतरासाठी तपासलेली बेसलाइन (नेमक्या ठाऊक लांबीची रेषा) असते, आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट तुम्ही स्वतःला देऊ शकत नाही. सरकारी आणि मोठ्या ठेकेदारीच्या कामात ते मागतातच.

देताना ‘अंतर चुकतंय’ एवढंच सांगू नका. खुणा केलेला कागद द्या, त्यावर अंतर, फेस आणि तारीख लिहा, कडेच्या चाचणीचे चारही कोन लिहा. दुरुस्तीच्या पावतीवर ‘लेझर व दुर्बीण समाक्ष तपासणी’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर कोन तपासून, पुसून मशीन परत येतं. घ्यायला गेलात की तिथेच २० मीटरवर कागद लावा, दोन्ही फेसला ठिपका बघा, आणि मगच पैसे द्या.